पट कमी, अंतर जास्त

२०२२चा पावसाळा सरत असताना नाशिक जिल्हा परिषदेच्या दारात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं येऊन उभी राहिली. पाठीला दप्तर आणि सोबत बकऱ्या. दरेवाडी हे भाम धरणामुळे विस्थापित झालेलं गाव. आधी धरणात जमीन गेली आणि आता शाळाही जाणार, असं चित्र दिसू लागल्यावर लोकांनी थेट जिल्ह्याचं ठिकाण गाठलं. मुलांची घोषणा होती : ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ शाळा काढून घ्यायचीच असेल तर दप्तरही ठेवून घ्या आणि आम्हाला बकऱ्या द्या, म्हणजे त्या वळायला तरी जाता येईल, असा त्या चार शब्दांचा रोकडा अर्थ. साहेबांच्या गाड्या लागतात त्या आवारात बकऱ्या आणि गणवेशातली मुलं, हा फोटो राज्यभर पोचला.

दरेवाडीचं आंदोलन एकट्या दरेवाडीचं नव्हतं. त्याच सुमारास राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांतून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली होती : शाळा किती, मुलं किती, शिक्षक किती आणि शाळा बंद करण्याची कार्यवाही कुठवर आली. तेव्हा समोर आलेला आकडा सुमारे १४,८०० शाळांचा होता. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं शिकत होती आणि सुमारे २९,७०० शिक्षक शिकवत होते. पत्र निघाल्याची बातमी येताच कोकणापासून मेळघाटापर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : आपल्या शाळेचा पट किती?

तिजोरीचा हिशेब

सरकारची बाजू आधी नीट समजून घ्यायला हवी. वरच्या आकड्यांचा भागाकार केला तर एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि एका शिक्षकामागे सहा-सात मुलं असं प्रमाण निघतं. शाळेवरच्या खर्चात शिक्षकांचा पगार हीच सगळ्यात मोठी बाब. शहरात एकेका वर्गात चाळीस-पन्नास मुलं कोंबलेली असताना डोंगरातल्या तेरा मुलांसाठी दोन नियमित शिक्षक कसे परवडतील, असं अर्थखातं विचारतं. शिक्षणखात्याचा मुद्दा वेगळा आहे. चौथीत एकच मुलगी असेल तर ती कुणाशी बोलणार, कुणाबरोबर गटात काम करणार? खो-खोचा संघ कसा उभा राहणार? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हीच चिंता आहे. २०१६-१७च्या यू-डायस माहितीनुसार देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांचा पट तीसपेक्षा कमी होता, असं ते धोरण नोंदवतं.

या विचारातूनच सप्टेंबर २०२३मध्ये शिक्षण आयुक्तालयाने ‘समूह शाळा’ पुढे आणली. कमी पटाच्या जवळपासच्या शाळा एकत्र करायच्या, एका मध्यवर्ती ठिकाणी मोठी शाळा उभारायची आणि मुलांना वाहनाने तिथे न्यायचं. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ दाखवण्यात आलं. तिथे मोठं मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, प्रत्येक इयत्तेला वेगळा शिक्षक असेल. ज्या आईबापांनी आपल्या लेकराला एकाच खोलीत चार इयत्तांबरोबर शिकताना पाहिलंय, त्यांना हे चित्र नकोसं वाटायचं कारण नाही. प्रश्न त्या मोठ्या शाळेपर्यंत पोचायचा आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असं ठरवून दिलं. मूळ कायद्यात पटाची अट नाही. कायद्याने मुलाला वचन दिलं ते अंतराचं. पट हा शब्द आला, तो तिजोरीच्या बाजूने.

नकाशा आणि पायवाट

अंतर मोजायची तऱ्हाही इथे महत्त्वाची. कार्यालयातल्या नकाशावर दोन वाड्यांमधलं अंतर सरळ रेषेत दिसतं. सहा वर्षांच्या पोराला मात्र त्या रेषेवरून चालता येत नाही. त्याला उतरण उतरून ओढा ओलांडायचा असतो आणि पलीकडची चढण चढायची असते. जूनमध्ये त्या ओढ्यात घोटाभर पाणी असतं, जुलैमध्ये तेच कमरेला लागतं. कोकणात त्यावर साकव असला तरी तो कधी वाहून जाईल याचा भरवसा नाही. घाटमाथ्यावर धुकं असं उतरतं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. विदर्भात नवी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे असते आणि त्या रस्त्यावरून ट्रक सुसाट धावत असतात. कागदावर हे सगळं ‘एक किलोमीटरच्या आत’ बसतं.

मोठ्या मुलींनाही हे अंतर किती भारी पडतं, हे सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीने दाखवलं. जावळी तालुक्यातलं हे गाव कोयनेच्या जलाशयाच्या काठावर आहे. इथल्या शाळकरी मुली स्वतः होडी वल्हवत पाणी पार करायच्या आणि पुढची वाट जंगलातून तुडवायच्या. जानेवारी २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्याविषयीच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. खिरखंडीच्या मुलींची जिद्द मोठीच. पण शिकण्यासाठी एवढी जिद्द लागावी, ही व्यवस्थेला खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. प्रत्येक पोर होडी वल्हवणारं नसतं. जे वल्हवत नाही, ते घरीच राहतं.

घरी राहणारं पोर बहुतेक वेळा पोरगीच असते. थोरला मुलगा सायकलवर जाईल, धाकट्याला मामाकडे ठेवतील. पोरीबाबत मात्र आईच्या मनात चार शंका येतात. वाट सुनसान आहे, गाडी वेळेवर येत नाही, संध्याकाळी अंधार पडतो, घरात धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही. शाळा वाडीतच होती तेव्हा या शंकांना वावच नव्हता. मधल्या सुट्टीत पोरगी घरी जाऊन भाऊ झोपलाय का ते पाहून यायची आणि पुन्हा वर्गात बसायची. वाहनभत्ता कागदावर मंजूर झाल्याने ही सोय परत मिळत नाही.

शाळा वाडीपर्यंत आली कशी

या शाळा कुणी आकाशातून टाकलेल्या नाहीत. त्यांच्यामागे दीडशे वर्षांचं भांडण आहे. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी सरकारला हिशेब विचारला होता : महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. १९११मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पैसा कुठून आणायचा, हा आक्षेप तेव्हाही होताच. १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एका छोट्या संस्थानाच्या खजिन्यातून हे झालं, कारण राजाने ठरवलं होतं.

पुढे १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. गावोगावी लोकांनी शाळेला जागा दिली, श्रमदान केलं, वर्गणी काढून कौलं घातली. २००० सालानंतर राज्यात वस्तीशाळा निघाल्या. जवळपास शाळा नाही अशा वाड्या, तांडे, पाडे शोधून तिथे शाळा सुरू झाल्या आणि स्थानिक तरुण तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं शिकवत राहिले. आज वीसच्या आत पट असलेल्या शाळांमध्ये अशाच वाड्यावस्त्यांवरच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. लहान वस्ती म्हणून तिथे शाळा दिली आणि आता लहान वस्ती म्हणूनच ती काढायची, असा हा प्रकार आहे.

या वारशातलं एक पान दरेवाडीच्या बकऱ्यांशी थेट जोडलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीत ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी ते वाढवलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून या दोघींनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ती तिथली. थोडी मोठी मुलं गुरं वळायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसलं तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. गुरं चरत असतील तिथे शिक्षकाने जायचं आणि तिथेच शिकवायचं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावं, हा महाराष्ट्राने देशाला दिलेला विचार आहे. त्याच महाराष्ट्रात मुलांना बकऱ्या घेऊन शाळेसाठी जिल्हा परिषदेत जावं लागलं, हे दुखणं साधं नाही.

एका खोलीतल्या चार इयत्ता

कमी पटाची शाळा म्हणजे मोडकळीला आलेली, रडकी शाळा असं अनेकांना वाटतं. अशा शाळेची सकाळ जवळून पाहावी. व्हरांड्यात चपला ओळीने लावलेल्या, त्यांतल्या दोन-तीन मापाने मोठ्या, म्हणजे ताईच्या. परिपाठ झाला की फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून चार खण पाडले जातात. पहिल्या खणात मुळाक्षरं, दुसऱ्यात हातच्याची बेरीज, तिसऱ्यात पाढे, चौथ्यात परिच्छेद आणि त्याखाली तीन प्रश्न. बाई पहिलीच्या दोघांना चिंचोके मोजायला बसवतात तोवर चौथीची मुलगी दुसरीच्या पोराचा हातचा तपासते. तिसरीचं पोर आपलं काम सोडून चौथीचा परिच्छेद ऐकत असतं; पुढच्या वर्षी तो त्याला नवा राहणार नाही. शेजारच्या खोलीतून अंगणवाडीतलं एखादं पिल्लू ताईला शोधत येतं आणि मांडीवर बसून राहतं. खिचडीची फोडणी पडली की वास वर्गात येतो आणि पाढ्यांचा वेग वाढतो.

बाईंना इथल्या प्रत्येक घराची खबर असते. कुणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार, कुणाला आजीकडे ठेवता येईल, कुणाचं नाव कारखान्याच्या तळावर गेल्यावर पटावरून निसटेल, हे त्यांना पाठ असतं. पोरगं दोन दिवस आलं नाही तर बाई त्याच्या घरी जातात. पाचशे मुलांच्या मध्यवर्ती शाळेत हजेरीपटावर ‘गैरहजर’ अशी खूण होईल. वाडीतल्या शाळेत बाई ओट्यावर जाऊन विचारतील, ‘ताई, बाळ्या का नाही आला?’

अंगणवाडीचा मुद्दा तर या चर्चेत फारसा कुणी काढतच नाही. नव्या धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, म्हणजे अंगणवाडी आणि पहिली-दुसरी यांची एक साखळी. शाळा वाडीतून उठली तर ही साखळी नेमकी मधेच तुटते. तीन वर्षांचं मूल वाडीत आणि सहा वर्षांचं मूल गाडीत. ज्या वयात मुलाला घराच्या हाकेवर शाळा हवी, त्याच वयात ती सगळ्यात लांब जाते.

विरोध कसा उभा राहतो

शाळा वाचवण्याचं आंदोलन मोर्चापासून सुरू होत नाही, कागदापासून होतं. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समिती ठराव करते, मग ग्रामसभा ठराव करते, मग निवेदन केंद्रप्रमुखाकडे, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे जातं. उत्तर आलं नाही की पालक मुलांना नव्या शाळेत पाठवायला नकार देतात. वर्ग झाडाखाली भरतो. मग वर्तमानपत्रात बातमी येते आणि तेव्हा कुठे अधिकारी गावात येतात.

डिसेंबर २०१७मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांचं समायोजन करायचं ठरलं, तेव्हाही असंच झालं होतं. दुसरी शाळा खरंच किती दूर आहे, मधे नदी आहे का, जंगल आहे का, हे पाहा, अशी मागणी तेव्हा जागोजागी झाली. २०२२च्या पत्रानंतर तीच मागणी पुन्हा उठली. ही लढाई महाराष्ट्रापुरती नाही. उत्तर प्रदेशात २०२५मध्ये पन्नासपेक्षा कमी पटाच्या शाळा जोडायला घेतल्या, तेव्हा सीतापूरची मुलं उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे गेली.

दार उघडपणे बंद करता आलं नाही की ते हळूहळू लोटलं जातं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. १५ मार्च २०२४च्या, शिक्षकपदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या नव्या निकषांनी वीसपर्यंत पटाच्या शाळेला एकच नियमित शिक्षक ठेवला, दुसरा हवा असेल तर निवृत्तांमधून. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथे पदच उरलं नाही. त्याच वर्षी शिक्षकदिनी, ५ सप्टेंबरला, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक महिना १५ हजारांवर कंत्राटी घेण्याचा निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले, २५ सप्टेंबरला सामूहिक रजेवर गेले, आधी मर्यादा दहाच्या पटावर आली आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तो निर्णय रद्द झाला. विरोधाने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एकशिक्षकी शाळेत काय होतं, ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. गुरुजी प्रशिक्षणाला गेले, बैठकीला गेले, निवडणुकीच्या कामाला गेले की शाळा बंद. माहिती भरायची तीही त्यांनीच, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा तोही त्यांनीच. पालक चार महिने पाहतात आणि पाचव्या महिन्यात दाखला काढतात. पट घसरतो आणि मग तोच घसरलेला पट शाळा बंद करायचं कारण म्हणून पुढे केला जातो.

गावालाही विचारायचा प्रश्न

सगळा दोष सरकारच्या माथी मारून भागणार नाही. पट कमी होण्याला इतरही कारणं आहेत. मुलंच कमी जन्मतात : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. तरणी माणसं पुण्या-मुंबईला गेली. २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावोगावी इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या वाडीच्या फाट्यापर्यंत येऊ लागल्या. शाळा वाचवायच्या ठरावावर सही करणारा सरपंच आपला नातू त्याच गाडीत बसवतो. मागे राहतात ती ज्यांना फी परवडत नाही त्यांची मुलं : कातकरी, ठाकर, पारधी, धनगर, भूमिहीन. त्यामुळे शाळेचा पट जितका लहान, तितकी तिथली मुलं अधिक गरीब. त्यांचा आवाजही तितकाच बारीक. म्हणूनच ग्रामसभेत शाळेसाठी उभं राहणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःच्या घरातलं मूल कुठे शिकतं, याचं उत्तर द्यावं.

पट ही विधिलिखित गोष्ट नाही, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत दत्तात्रय वारे गुरुजी आले तेव्हा तीनच मुलं उरली होती. कोणत्याही निकषाने ती बंद होण्याच्या रांगेतली शाळा. गुरुजींनी गावाला हाताशी धरलं, लोकवर्गणीतून शाळा बदलली, मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची ‘विषयमित्र’ पद्धत बसवली. पट शंभराच्या पुढे गेला आणि २०२५मध्ये या शाळेला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांनी दिला जाणारा पुरस्कार मिळाला. ‘पट तीन’ एवढंच पाहून तिला टाळं लावलं असतं, तर हे काहीच झालं नसतं. अर्थात प्रत्येक वाडीला असे गुरुजी मिळत नाहीत आणि घाटातल्या आठ घरांच्या वस्तीचा पट शंभर कधीच होणार नाही. त्या वस्तीला शाळा मिळायला हवी ती हक्क म्हणून, पुरस्कारासाठी नाही.

मागणं काय आहे

मागणं अवाजवी नाही. शाळा बंद करण्याचा विचार असेल तर आधी ग्रामसभेची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी संमती घ्या. त्या वाटेवरून जुलैमध्ये, भर पावसात, पहिलीच्या मुलाच्या चालीने एकदा चालून पाहा आणि लागलेला वेळ फाईलमध्ये लिहा. गाडीचं आश्वासन देणार असाल तर शाळा बंद करण्याआधी वर्षभर गाडी चालवून दाखवा. पहिली ते पाचवीला दोन नियमित शिक्षक द्या, ते कायद्यातच आहे. प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडाशिक्षक सामायिक करायचे तर खुशाल करा. आठवड्यातून एक दिवस मोठी शाळा लहान शाळेकडे येऊ द्या. अंगणवाडी आणि पहिली-दुसरी एकाच आवारात राहू द्या. आणि शाळा बंद करून किती पैसे वाचले, त्यांपैकी किती गाडीवर, किती इमारतीवर गेले आणि समायोजन झालेल्या मुलांपैकी किती दोन वर्षांनी शाळेत टिकली, हा हिशेब दर वर्षी जिल्हा परिषदेच्या फलकावर लावा.

खर्च होईल, यात शंका नाही. लहान वस्तीतल्या मुलाला शिकवायला मोठ्या गावातल्या मुलापेक्षा जास्त पैसे लागतात, तसेच तिथे वीज न्यायला, पाणी न्यायला, मतदान यंत्र न्यायलाही लागतात. मतदान यंत्र डोंगर चढून जातं तेव्हा तिथली मतं किती, हे कुणी विचारत नाही, कारण मत हा हक्क आहे असं आपण मान्य केलं आहे. संविधानातल्या कलम २१-क ने शिक्षण तर मूलभूत हक्क केलं आहे. म्हणून दहा मुलांची शाळा टिकवणं हे सरकारचं औदार्य ठरत नाही, ते त्याचं देणं आहे. वाड्यावस्त्यांवरची माणसं हे देणं मागतात तेव्हा तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि शहरातल्या आपणही त्यांच्या ठरावाखाली सही केली पाहिजे.